कापडी फुलांचा संच : शुभेच्छापत्रासाठी तो कितपत उपयोगी आहे?

केसांच्या पिनेवर लावायचे कापडी फूल, फुलदाणीत ठेवायचे कापडी फूल आणि शुभेच्छापत्रावर चिकटवायचे कापडी फूल ही तीन निरनिराळी कामे आहेत. पिनेवरचे फूल उठावदार असावे लागते आणि फुलदाणीतले दांड्यावर तोलून धरावे लागते. कार्डावरच्या फुलाला मात्र पाकिटात बसून, टपालाच्या थैलीत इतर पत्रांच्या ओझ्याखाली दबून, दुसऱ्या गावी पोहोचल्यावर पुन्हा फुलासारखे दिसावे लागते. दिवाळीच्या शुभेच्छापत्रांसाठी मी कापडी फुले बनवण्याचा एक तयार संच ऑनलाइन मागवला होता. खोक्यावर तो शुभेच्छापत्रांसाठीच असल्याचे ठळक अक्षरांत छापलेले असल्यामुळे मी त्याचे परीक्षण याच कसोटीवर करत आहे. विक्रेत्याचे नाव मी देत नाही, कारण अशाच मांडणीचे संच आता अनेक जण विकतात आणि पुढे लिहिलेल्या गोष्टी त्यांपैकी कोणताही संच घेताना तपासून पाहण्यासारख्या आहेत.

संचाची किंमत 1,150 रुपये होती. त्यात मधोमध दुमडलेली ए-6 आकाराची 20 कोरी कार्डे आणि तेवढीच पाकिटे, सॅटिन, ऑरगंझा आणि सुती कापड यांच्या प्रत्येकी 40 गोल चकत्या, 3 सेंटिमीटरचे 30 रेशमी चौकोन, अडीच सेंटिमीटर रुंदीची सॅटिनची फीत, बाजारात ज्याला ‘पॉलन’ म्हणतात त्या परागकेसरांच्या दोन जुड्या, एका बाजूने सपाट असलेले अर्धमोती, 20 वॅटची ग्लू गन, तिच्यात वितळवायच्या डिंकाच्या पाच कांड्या, एक चिमटा, दोन छोट्या मेणबत्त्या आणि 16 पानांची इंग्रजी पुस्तिका एवढे साहित्य होते. चकत्या यंत्राने कापलेल्या असून त्यांच्या कडा इतक्या स्वच्छ होत्या की हाताने कात्री चालवून तशी गोलाई साधणे मला आजवर जमलेले नाही. सॅटिनचा पोतही चांगला होता. रंग मात्र सगळे फिके, दुधात कालवल्यासारखे होते. झेंडूचा केशरी किंवा शेवंतीचा पिवळा त्यांत कोठेही नव्हता, आणि दिवाळीच्या कार्डाला हे दोन रंग नसले की ते कार्ड कोणत्याही सणाचे होऊ शकते, असे माझे मत आहे.

या संचाचा सर्वांत गंभीर दोष पुस्तिकेच्या तिसऱ्याच पानावर आहे आणि तो सुरक्षिततेचा आहे. चकत्यांना पाकळीसारखा बाक यावा म्हणून त्यांच्या कडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धराव्यात, असे तेथे सांगितले आहे आणि ही सूचना सरसकट सर्व चकत्यांसाठी दिली आहे. सॅटिन आणि ऑरगंझा पॉलिएस्टरचे असल्यामुळे उष्णतेने वितळतात, कड आक्रसून आत वळते, वितळलेला भाग थंड झाला की घट्ट होतो आणि त्यामुळे कापडाच्या दशा निघत नाहीत. झळ देण्याच्या पद्धतीचे सगळे मर्म या वितळण्यात आहे. सुती कापड वितळत नाही, ते पेट घेते. पुस्तिकेप्रमाणे एखाद्या मुलाने सुती चकती ज्योतीजवळ धरली तर तिच्या कडेला पाकळीचा बाक येणार नाही, तिला जाळ लागेल, आणि खोक्यावर तर वयोमर्यादा ‘8 वर्षांपासून पुढे’ अशी छापलेली आहे. मुलांसाठी हा संच घेणाऱ्यांनी सुती चकत्या आधीच बाजूला काढून ठेवाव्यात आणि ज्योतीचे काम मोठ्यांनी स्वतःच्या हातात ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

कापड कोणते आहे हे ओळखायचे असेल तर त्याचा एक धागा ओढून, चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर पेटवून पाहावा. पॉलिएस्टरचा धागा आक्रसतो आणि टोकाला कडक, काळा मणी उरतो. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची मऊ राख होते. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. घरातल्या जुन्या साड्यांचे तुकडे फुलांसाठी वापरण्याचा ज्यांचा विचार असेल त्यांनी ही परीक्षा प्रत्येक तुकड्याची करावी, कारण हल्ली रेशमी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक साड्या पॉलिएस्टरच्या असतात आणि नुसत्या डोळ्यांना तो फरक कळत नाही.

झळ देण्याची रीतही पुस्तिकेत अपुरी आहे. चकती ज्योतीच्या वर धरली तर तिच्यावर काजळी बसते, आणि पांढऱ्या ऑरगंझावरचा तो करडा डाग पुढे निघत नाही. चकती ज्योतीच्या बाजूला, थोड्या अंतरावर धरून सावकाश फिरवावी लागते. सॅटिनला आक्रसायला क्षणभर वेळ लागतो, पण ऑरगंझा इतका विरळ असतो की तो पाहता पाहता वितळून जातो. माझ्या पहिल्या चार ऑरगंझा चकत्या अशाच वाया गेल्या. सरावासाठी जास्तीच्या दहा-बारा चकत्या दिल्या असत्या तर खर्च फारसा वाढला नसता आणि नवख्या माणसाचा धीर टिकला असता.

आता फुलाच्या उंचीविषयी, कारण कार्डासाठी मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. पुस्तिकेतले मुख्य फूल सहा चकत्या एकावर एक रचून, मधोमध परागकेसरांचा झुपका आणि मोती बसवून केलेले आहे. मी ते दिल्याप्रमाणे केले आणि पट्टीने मोजले, तेव्हा त्याची उंची 14 मिलिमीटर भरली. फीत गुंडाळून केलेला गुलाब तर 20 मिलिमीटरच्या वर गेला. दोन्ही फुले दिसायला अतिशय सुंदर होती आणि त्यांपैकी एकही संचातल्याच पाकिटात बसले नाही. पाकिटाचे झाकण चिकटले, पण कडेला कागद ताणून फाटला. ज्याने ही फुले योजली त्याने ती केसांच्या पट्ट्यांसाठी योजली असावीत आणि कार्डे व पाकिटे नंतर खोक्यात घातली असावीत, असा माझा तर्क आहे.

उंची कमी करण्याचे उपाय हाताशी होते. सहाऐवजी चार चकत्या घेतल्या, परागकेसरांचा झुपका वगळून फक्त अर्धमोती लावला आणि तयार फूल दोन कागदांमध्ये ठेवून रात्रभर जाड शब्दकोशाखाली दाबले, तेव्हा सॅटिनचे फूल 7 मिलिमीटरपर्यंत आणि ऑरगंझाचे 5 मिलिमीटरपर्यंत खाली आले. ऑरगंझाचे फूल दाबल्याने बिघडत नाही, उलट त्याच्या पाकळ्या एकमेकींतून दिसू लागतात आणि पाण्यात पडलेल्या फुलासारखा एक तरलपणा त्याला येतो. या संचातून कार्डासाठी एकच कापड निवडायचे झाले तर मी ऑरगंझा निवडेन.

कार्डाला सर्वांत योग्य असे फूल पुस्तिकेत शेवटी, जेमतेम अर्ध्या पानात उरकले आहे. रेशमाचे छोटे चौकोन चिमट्याने दुमडून त्यांच्या पाकळ्या करण्याची जपानी कला त्सुमामी-झाइकू या नावाने ओळखली जाते आणि तेथे तिचा उपयोग केसांत खोवायची कान्झाशी ही आभूषणे घडवण्यासाठी होतो. तिच्यात दोन मूळ घड्या आहेत. गोल पाकळीची ती मारू आणि टोकदार पाकळीची ती केन. तेथील कारागीर तांदळाच्या खळीच्या थरावर पाकळ्या टेकवून ठेवतात आणि मग त्या उचलून फुलाच्या आकारात मांडतात. टोकदार पाकळीसाठी चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण करायचा, तो पुन्हा अर्ध्यात दुमडायचा आणि आणखी एकदा दुमडून खालची कड कात्रीने सरळ करायची, म्हणजे पाकळी सपाट बसते. पाच पाकळ्यांचे असे फूल मला सरासरी 4 मिलिमीटर उंचीचे मिळाले. 30 चौकोनांत सहा फुले झाली आणि सहाच्या सहा कार्डावर अशी बसली की जणू कागदातूनच उमलली आहेत. या घडीसाठी पुस्तिकेत पूर्ण चार पाने आणि संचात शंभर चौकोन हवे होते.

सुती चकत्यांना ज्योतीशिवाय आकार कसा द्यावा याविषयी पुस्तिका गप्प असली तरी आपल्याकडे त्यांच्यासाठीचे ज्ञान घरोघरी आहे. सुती लुगड्यांना आणि धोतरांना खळ घालण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. साबुदाण्याची पातळ खळ शिजवून, गाळून, कापड तिच्यात बुडवून पिळावे, थाळीवर ताणून वाळवावे आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी. असे कापड कागदासारखे कडक होते, कापताना त्याच्या दशा निघत नाहीत आणि चमच्याच्या मागच्या बाजूने दाबले की पाकळीला खोलगटपणा येतो. त्यात एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. कसर पिष्टावर जगते, त्यामुळे वर्षानुवर्षे जपून ठेवल्या जाणाऱ्या कार्डासाठी खळीऐवजी फेव्हिकॉल तिप्पट पाण्यात कालवून तो कापडाच्या मागच्या बाजूला ब्रशने लावणे मला अधिक सुरक्षित वाटते. हाच उपाय मी गुळेदगुड्डच्या खणावरही केला. चोळीचा हा खण फुलांसाठी फार देखणा असतो, त्याची बारीक नक्षी पाकळीभर उमटते, पण कापला की त्याच्या दशा अशा सुटतात की उघड्या कडेची पाकळी टिकतच नाही. फेव्हिकॉलचे पाणी लावून वाळवलेल्या खणाची फुले या दिवाळीत केलेल्या सर्व फुलांत मला अधिक आवडली, आणि हे मी नोंदवले पाहिजे की खण संचातला नव्हता, माझ्या कपाटातला होता.

ग्लू गन या किमतीत मिळते तशीच आहे. ती तापायला वेळ घेते, गळते आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू सोडते, परंतु काम करते. माझी हरकत कार्डासाठी तिचा वापर करण्याला आहे. गरम डिंकाचा एक थेंब फुलाखाली दीड-दोन मिलिमीटरचा उंचवटा करतो, म्हणजे दाबून मिळवलेली उंचीची बचत तेथेच खर्ची पडते. शिवाय वरून दाब आला की तो कडक थेंब आतल्या बाजूने कार्डावर वळ उमटवतो. मी नंतर दुसरी रीत अवलंबली. फुलाच्या तळाशी एक लहानशी सुती चकती फेव्हिकॉलने चिकटवायची, कार्डाच्या दर्शनी पानाला जाड सुईने दोन भोके पाडायची, बटण लावतात तसे दोन टाके घालून फूल बांधायचे आणि आतल्या बाजूची गाठ मजकुराच्या कागदाखाली झाकायची. वेळ दुप्पट लागतो, पण टाक्याने बसवलेले फूल निघून येत नाही. कुणी घाईत असेल तर निदान फेव्हिकॉल वापरून त्यावर तासभर वजन ठेवावे.

कोऱ्या कार्डांचा कागद 250 जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला 250 ग्रॅम वजनाचा आहे, असे खोक्यावर छापले आहे आणि हाताला तो तसा लागतोही. या वजनाच्या कागदाचे ए-6 कार्ड सुमारे 8 ग्रॅमचे होते आणि पाकीट साडेतीन ग्रॅमच्या आसपास. आपल्या टपालात पत्राच्या दराचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा असल्यामुळे फुलासाठी आठ ग्रॅम उरतात. माझे दाबलेले ऑरगंझाचे फूल 2 ग्रॅमचे होते. पुस्तिकेप्रमाणे केलेले, गरम डिंकाने भरलेले सहा चकत्यांचे फूल 9 ग्रॅमचे भरले आणि ते कार्ड पहिल्या टप्प्याबाहेर गेले. 20 कार्डे पाठवणाऱ्याला हा फरक सोसता येतो, पण लग्नाच्या किंवा मुंजीच्या दोनशे पत्रिकांवर अशी फुले लावण्याचा विचार असणाऱ्यांनी पहिले फूल तयार होताच ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहावे.

तुलनेसाठी मी काही फुले पुण्याच्या शिवाजीनगर भागातील हातकागद संस्थेच्या कागदावर लावली. 1940 साली सुरू झालेल्या या संस्थेत सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद बनतो, म्हणजे तो कागद मुळात कापडच असतो. त्याच्या किंचित खरबरीत पृष्ठभागाला डिंक चांगला धरतो, सुईचे भोक फाटत नाही आणि खणाचे फूल त्यावर परके वाटत नाही. संचातल्या गुळगुळीत कार्डावर तेच फूल वरून आणून ठेवल्यासारखे दिसते.

फुले टिकतात की नाही हे पाहण्यासाठी मी तीन कार्डे शहरातल्या दुसऱ्या भागातील टपालपेटीतून स्वतःच्याच पत्त्यावर पाठवली. पहिले पुस्तिकेप्रमाणे केलेल्या फुलाचे होते आणि त्याच्यासाठी मोठे पाकीट घ्यावे लागले. दुसरे दाबलेल्या ऑरगंझाचे आणि तिसरे जपानी घडीचे होते. पहिल्यातला मोती निखळून पाकिटाच्या कोपऱ्यात पडलेला मिळाला आणि वरच्या दोन चकत्या एका बाजूला चिरडल्या गेल्या होत्या. तिकिटावर ठसा मारताना तो आघात खालच्या उंचवट्यावर बसला, हे पाकिटावरच्या खुणेवरून स्पष्ट दिसत होते. दुसरे आणि तिसरे कार्ड जसेच्या तसे आले. यातून मी एक नियम करून घेतला आहे. तिकीट पाकिटाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात असते, म्हणून फूल त्या कोपऱ्याखाली येणार नाही अशा जागी लावावे, कार्ड पाकिटात घालताना फुलाची बाजू झाकणाकडे ठेवावी आणि पत्ता पाकीट रिकामे असतानाच लिहावा.

लेस्टरला राहणारी माझी धाकटी बहीण दिवाळीपूर्वी परत जाताना सहा कार्डे बरोबर घेऊन गेली आणि तिने ती तिथल्या मराठी मैत्रिणींना टपालाने पाठवली. ब्रिटनच्या टपालात साध्या पत्राची जाडी 5 मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही, त्याहून जाड पाकीट मोठ्या पत्राच्या दराने जाते. सहांपैकी जपानी घडीची चार कार्डे साध्या दरात गेली आणि सॅटिनच्या दोन कार्डांना वरचा दर पडला. तिने फोनवर मला पहिली गोष्ट सांगितली ती हीच, आणि दुसरी ही की त्यांतल्या दोघींनी खणाचा तुकडा पुढच्या वेळी येताना आणशील का, असे तिला विचारले.

मग हा संच घ्यावा का? ज्यांच्या गावात असे साहित्य मिळत नाही, ज्यांना कात्रीचे काम जमत नाही आणि ज्यांना केसांच्या पिना किंवा राख्या करायच्या आहेत, त्यांनी तो घ्यावा. चकत्यांची कापणी आणि सॅटिनचा दर्जा यांसाठी ती किंमत मला अवाजवी वाटत नाही. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी आणि ज्यांना फक्त कार्डे करायची आहेत त्यांनी मात्र सुटे साहित्य घ्यावे. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत पॉलनच्या जुड्या, मोती आणि फिती मिळतात, तर मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर असे साहित्य आणि मंगळदास मार्केटमध्ये कापड मिळते. कोणत्याही तालुक्याच्या गावी ब्लाउजपिसांचे मॅचिंग सेंटर असते. तेथे टू बाय टू या सुती ब्लाउजकापडाच्या जितक्या छटा एका भिंतीवर रचलेल्या असतात तितक्या कोणत्याही संचात मिळणार नाहीत. पाव मीटरमध्ये डझनभर सुती फुले आरामात होतात. माझ्या 20 कार्डांइतके साहित्य मी नंतर अशा रीतीने जमवले तेव्हा कागद आणि पाकिटे धरून 600 रुपयांच्या आत खर्च आला. शिंप्याकडची कातरणे तर बहुधा विनामूल्य मिळतात. त्यांतही उरेब कापलेल्या पट्ट्या मिळाल्या तर त्या आवर्जून मागून घ्याव्यात, कारण तिरक्या धाग्यावर कापलेल्या कापडाच्या दशा कमी निघतात आणि ते वळवू तसे वळते.

विक्रेत्याला मी दोन गोष्टी लिहून कळवल्या होत्या. परागकेसरांची एक जुडी ओलसर, बुरशी आलेली निघाली होती, तिच्याबद्दल चौथ्या दिवशी उत्तर आले आणि नवी जुडी आठवड्याभरात घरपोच मिळाली. ही सेवा उत्तम होती आणि तसे सांगणे मी माझे कर्तव्य समजते. सुती चकत्या ज्योतीजवळ धरण्याच्या सूचनेविषयी मात्र दोनदा लिहूनही काही उत्तर आलेले नाही आणि संकेतस्थळावर दाखवलेल्या पुस्तिकेत हे परीक्षण लिहीपर्यंत तीच ओळ आहे. ती ओळ बदलेपर्यंत लहान मुलांच्या घरी हा संच भेट म्हणून देऊ नये.

माझ्याकडे आता सुती चकत्याच अधिक उरल्या आहेत. संक्रांतीच्या कार्डांसाठी मी मॅचिंग सेंटरमधून काळे टू बाय टू आणले असून त्याच्या पाकळ्यांच्या मधोमध हलव्यासारखे दिसणारे पांढरे अर्धमोती लावायचे ठरवले आहे. फेव्हिकॉलचे पाणी लावलेले ते कापड सध्या थाळीवर वाळत आहे.